करड्या छटांची कसोटी

कृष्णधवल छायाचित्र रंगीत छायाचित्राहून सोपे, असा एक समज रूढ आहे. मुद्रणाच्या बाबतीत तरी तो खरा नव्हे. रंगीत चित्रातील आकाशाला किंचित जांभळी झाक आली तर ती खपून जाते. परंतु करड्या रंगावर हिरवट वा तांबूस छाया पडली की ती तत्काळ डोळ्यांत भरते. म्हणूनच इंकजेट यंत्राची खरी कसोटी या करड्या रंगाने पाहिली. वापरलेले मोठे यंत्र कृष्णधवल चित्रांसाठी विकत घेऊ पाहणाऱ्यास हा इतिहास ठाऊक असणे हिताचे होय.

या इतिहासाचा आरंभ एका गायकाच्या छंदात सापडतो. ग्रॅहॅम नॅश हा विख्यात गायक उत्तम छायाचित्रकारही होता. आपल्या कृष्णधवल चित्रांच्या मोठ्या प्रती काढण्यासाठी त्याने १,२६,००० डॉलर किमतीचे आयरिस ३०४७ हे यंत्र घेतले. ते मुळात छापखान्यांना रंगीत प्रुफे काढता यावीत म्हणून निर्माण झालेले. जाड कागद त्यात चालत नसे. नॅश आणि त्याचा सहकारी मॅक होल्बर्ट यांनी त्यात फेरफार करून ती सोय करून घेतली व १९९१ साली कॅलिफोर्नियात 'नॅश एडिशन्स' ही मुद्रणशाळा उघडली. २००५ साली ते यंत्र स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात दाखल झाले. मात्र त्याच्या शाईत एक मोठे वैगुण्य होते : तिचा रंग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे चित्रे उजेडात लवकर फिकी पडत. देखण्या प्रतीचे आयुष्य अखेर शाईच्या आयुष्याएवढेच, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे अविद्राव्य रंगकणांच्या टिकाऊ शाया आल्या. तरीही करड्याचा प्रश्न उरलाच. एकाच काळ्या शाईने फिकट छटा साधावयाच्या तर विरळ ठिपके टाकावे लागतात, आणि ते दाणेदार दिसतात. रंगीत शाया मिसळून करडा साधावा, तर दिवसाच्या व दिव्याच्या प्रकाशात त्याची झाक बदलते. व्हरमाँट येथील जॉन कोन याने यावर सरळ उपाय योजिला. २००० साली त्याने 'पिएझोग्राफी' ही पद्धत पुढे आणली. तीत रंगीत शाया काढून टाकून त्यांच्या जागी गडद-फिकट काळ्या शाया भरावयाच्या. एप्सननेही २००२ च्या ७६०० व ९६०० या यंत्रांत फिकट काळी शाई दिली, आणि २००५ च्या ७८०० व ९८०० या यंत्रांत एकाच वेळी काळ्याच्या तीन छटा दिल्या.

वापरलेल्या यंत्राची निवड याच कसोटीवर करावी. पहिला प्रश्न वयाचा नव्हे, तर काळ्याच्या छटा किती, हा आहे. दुसरा प्रश्न शाई फवारणाऱ्या हेडचा. विक्रेत्यासमोर छिद्रांची चाचणी छापून घ्यावी. एकही रेघ तुटलेली दिसली तर सावध राहावे. एप्सनच्या मोठ्या यंत्रांचे हेड बदलणे महागात पडते. कॅनन व एचपी यांच्या त्या वर्गातील यंत्रांत ते घरच्या घरी बदलता येते. पण एचपीच्या झेड ३१०० मध्ये हेड वाहून नेणारा पट्टा जुना होऊन तुटतो, तो तपासावा. तिसरा प्रश्न कागदाचा : ७८०० व ९८०० मध्ये चकचकीत कागदाची काळी शाई बदलून खरखरीत कागदाची भरताना पुष्कळ शाई वाया जाते, म्हणून कागद एकच ठरवून टाकावा.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांनी आणखी एक विचार करावा. हे यंत्र महिनोन्महिने बंद राहिले की शाई वाळून छिद्रे बुजतात. कोरड्या हवेच्या प्रदेशात तर फारच लवकर. ज्यास आठवड्यातून एकदा तरी काही छापणे शक्य नाही, त्याने मुद्रणशाळेची वाट धरणे श्रेयस्कर.

मात्र रंगीत छपाईस निरुपयोगी झालेल्या यंत्रातही, हेड शाबूत असेल तर, करड्या शाया भरून त्यास नवे आयुष्य देता येते. प्रुफे काढणाऱ्या यंत्राकडून नॅशने कलाकृती करवून घेतल्या, त्याचेच हे पुढचे पाऊल. यंत्र कशासाठी बनले, याहून त्याकडून काय करून घ्यावयाचे हे ज्यास नेमके ठाऊक असते, त्यालाच जुने यंत्र लाभते.