बर्फावरची हॉकी आणि खडकीचा धनराज
(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

काटोलात बर्फ म्हटला की डोळ्यांसमोर येते ती रसवंती, नाहीतर गोळेवाल्याची गाडी. बर्फावर कुणी हॉकी खेळते आणि त्या खेळावर संसार चालवते, ही गोष्ट आपल्याला फार दूरची वाटणार. तरीही आज सुरुवात तिथूनच करतो. कारण आपल्या महाराष्ट्रातल्या एका मोठ्या हॉकीपटूचे आयुष्य त्या खेळाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे जास्त चांगले कळते.

आइस हॉकीत चेंडू नसतो, रबराची जाड चकती असते. पायात स्केट बांधून एका बाजूचे सहा जण बर्फावर उतरतात. हा खेळ वाढला कॅनडात. तिथल्या माँट्रियल शहरात १९१७ साली नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. तिचा व्यवहार रोकडा आहे. क्लब खेळाडूशी करार करतो, पगार देतो आणि प्रेक्षक तिकीट काढून सामना पाहतात. मुख्य संघात जागा नसेल तर खेळाडूला खालच्या लीगमधल्या जोडसंघाकडे धाडतात. तिथेही त्याचा पगार चालू राहतो. वर कुणी जायबंदी झाले की त्याला बोलावणे येते.

या लीगमध्ये खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू म्हणजे रॉबिन बावा. पंजाबी कुटुंबातला हा मुलगा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डंकन गावचा. १९८९-९०च्या हंगामात तो वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून बर्फावर उतरला. पुढे व्हँकूव्हर, सॅन होजे आणि ॲनाहाइम या संघांकडूनही खेळला. या सर्वोच्च लीगमधले त्याचे सामने किती? अवघे ६१. गोल ६. आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. पण बाकीची वर्षे तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि खेळाडू म्हणूनच कमावत राहिला. त्याच्या पायाखाली एक व्यवस्था उभी होती.

त्याच १९८९ साली दिल्लीत भरलेल्या आशिया चषक स्पर्धेत भारताच्या संघात एक सडपातळ, लांब केसांचा मुलगा आला. त्याचे नाव धनराज पिल्ले. जन्म १६ जुलै १९६८, गाव पुण्याजवळचे खडकी. वडील नागलिंगम दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करीत. आई अंदालम्मा हिने घरात चणचण असूनही मुलांना खेळू दिले. भावंडे मोडक्या स्टिक्स घेऊन चिखलमातीच्या मैदानावर खेळत. धनराजचा आदर्श होता महंमद शाहिद, आणि त्याच्यासारखा चेंडू खेळवायचा ध्यास या पोराने घेतला. मोठा भाऊ रमेश मुंबईत हॉकी खेळत होता. त्याच्या पाठोपाठ धनराज मुंबईला गेला आणि महिंद्र अँड महिंद्रच्या संघात आला. तिथे जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तो घडला.

इथे थोडे थांबू या. महिंद्र, आरसीएफ, रेल्वे, पोलीस, इंडियन एअरलाइन्स ही सगळी आपल्या हॉकीतली मातब्बर नावे. पण यांपैकी एकही क्लब नव्हे. ही नोकरीची ठिकाणे. आपल्याकडे हॉकीपटूचे नाव कुठल्यातरी हजेरीपटावर असे, पगार त्या नोकरीचा आणि खेळ हे जणू त्या नोकरीतले जादा काम. धनराजही पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये होता. ‘धंदेवाईक’ हा शब्द आपण कित्येक वर्षे खेळाडूसाठी नाक मुरडूनच वापरला. ‘व्यावसायिक’ म्हणू लागलो ते फार उशिरा.

या नोकरदार हॉकीतून धनराजने काय केले ते पाहा. ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा. या चारही स्पर्धा चार-चार वेळा खेळणारा दुसरा खेळाडू शोधून सापडणे कठीण. आणि खेळ कायम वाऱ्याच्या वेगाचा. उजवीकडून चेंडू घेऊन तो सुटला की बचाव करणाऱ्यांची तारांबळ उडे.

पण करारावर पगार घेऊन खेळायचे, तर त्याला देशाबाहेर जावे लागले. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधले लिओं, जर्मनीतले श्टुटगार्टर किकर्स, मलेशियातले दोन संघ, ढाक्याचे अबाहानी अशी त्याच्या क्लबांची यादी आहे. संत्रे काटोल-नरखेडचे, भाव मात्र दूरच्या बाजारात ठरायचा, हे आपल्या बागायतदाराला समजावून सांगायला नको. धनराजचे तसेच झाले.

१९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामना कोरियाशी बरोबरीत सुटला आणि पेनल्टी स्ट्रोक्सवर आशिष बल्लाळने गोल अडवून बाजी मारली. हॉकीतले हे सुवर्ण ३२ वर्षांनी आले होते. सारा देश आनंदात होता. आणि लगेच पुढच्या संघातून कर्णधार धनराजसह अनेक खेळाडू गळाले. विश्रांती दिली, असे संघटनेचे म्हणणे. भत्त्याबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा, असे बहुतेकांचे मत. खरे काय ते ज्याने त्याने ठरवावे. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. बावाच्या हातात करार होता. धनराजच्या गळ्यात सुवर्णपदक होते, पण हातात कागद नव्हता.

तो परत आला. १९९९-२०००चा खेलरत्न पुरस्कार त्याला मिळाला. २००३ साली क्वालालंपूरला पाकिस्तानला हरवून त्याच्या संघाने भारताला पहिला आशिया चषक मिळवून दिला. ऑलिंपिक पदक मात्र हुकले ते हुकलेच. त्याच्या चारही ऑलिंपिकमध्ये भारत पहिल्या सहांत आला नाही. २००० साली सिडनीत पोलंडने अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधली आणि उपांत्य फेरीचे दार बंद झाले. २००४चे अथेन्स हे त्याचे शेवटचे ऑलिंपिक.

आणि दैवाचा खेळ पाहा, भारतात प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली ती २००५ साली. धनराज मराठा वॉरियर्सकडून मैदानात उतरला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. ती लीगही २००८नंतर थांबली. पुढे २०१३ साली हॉकी इंडिया लीग आली. ती २०१७नंतर बंद पडली आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात टोकियो आणि पॅरिसला भारताने कांस्यपदके जिंकली, ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघाला भक्कम आधार दिला, हेही सांगितले पाहिजे. पण तो आधार राष्ट्रीय शिबिरातल्या मोजक्या मुलांना. २०१७ साली बावीस वर्षांचा असलेला एखादा गुणी खेळाडू लीग परत आली तेव्हा एकोणतिशीत पोहोचला होता.

संत्र्याच्या झाडाचा आंबिया बहार हुकला तर मृगाची आशा धरता येते. खेळाडूच्या शरीराला बहार एकच. म्हणून आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने हॉकीची स्टिक मागितली आणि बापाने विचारले, ‘पोटापाण्याचे काय?’, तर त्या बापाला कुणी अडाणी म्हणू नये. प्रश्न रास्तच आहे. तो त्याने घरात न विचारता खेळ चालवणाऱ्यांना विचारावा, आणि पोराला स्टिक आणून द्यावी.