बांधावरची फेरी

आज खाडीच्या बांधाची गोष्ट सांगते.

रायगडमध्ये धरमतर खाडीच्या काठाला, अलिबाग-पेणच्या बाजूला, खारेपाट आहे. इथली बरीचशी भातशेती पूर्वी भरतीच्या पाण्याखाली होती. आपल्या वाडवडिलांनी चिखलाचे बांध घालून ती मिळवली. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं, भरतीचं आत येऊ नये, म्हणून बांधाला उघाड्या ठेवल्या.

बांध एकट्याचा नव्हता. एका जागी खांड पडली की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात. म्हणून जोळ होती. ज्यांची शेतं बांधाआड, त्यांनी मिळून बांध राखायचा, अंगमेहनत करायची. खेकड्याचं बीळ लहान असतानाच बुजवलं की काम टोपलीभर चिखलात भागायचं.

पुढे 1948 साली खारजमिनींचा कायदा झाला, 1979 साली खारभूमी विकास कायदा आला. योजनेतले बांध सरकारकडे गेले. मोठ्या कामाला सरकारी पैसा मिळाला, पण गावाची रोजची नजर हटली. जोळ हळूहळू मोडली. बीळ पाहणारं कुणी राहिलं नाही आणि खांडी वाढल्या.

खांड तशीच राहिली तर शेतात कांदळ उगवतं. कांदळ वाईट नाही हं! बांधाबाहेरची तिवरं, चिपी लाटांचा मार झेलतात, मासळीची पिल्लं तिथेच वाढतात. म्हणूनच उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळतोडीला बंदी घातली आणि 2018 च्या निकालात ती कायम केली. पण शेतात कांदळ वाढलं की तेही तोडता येत नाही. मग शेत परत मिळवणं फार अवघड. म्हणजे बाहेरचं कांदळ आणि आतलं भात, दोन्ही टिकायचं तर बांध वेळेवर पाहायला हवा.

हे काम आपल्याला जमणारं आहे. कालवं, निवट्या, खेकड्यांसाठी आपण खाडीत जातोच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर ओहोटीला गटातल्या दोघींनी बांधावर फेरी मारायची. कुठे बीळ, कुठे गळती, कुणी कांदळ तोडलं, कुठे भराव टाकला, हे तारखेसह बचतीच्या वहीत मागच्या पानावर लिहायचं. मोबाईलवर फोटो काढायचा. गटाच्या ठरावासह अर्ज ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात द्यायचा, पोच घ्यायची.

जोळ आपल्या आज्यांनी पाहिली. येत्या पौर्णिमेनंतर तुमच्या गटातल्या कोणत्या दोघी निघणार, ते पुढच्या बैठकीत ठरवा.