परीक्षकाची वाणी आणि करवीरची परंपरा

गुणपरीक्षणाच्या कामी परीक्षकाने स्पष्ट बोलावे की मृदू, हा प्रश्न दूरचित्रवाणीने घरोघरी नेला आहे. इंग्लंडात २००१ साली ‘पॉप आयडॉल’ या गायनस्पर्धेतून सायमन कॉवेल हे परीक्षक आपल्या कठोर जिभेमुळे विख्यात झाले. २००४ साली त्याच नमुन्याची ‘इंडियन आयडॉल’ ही स्पर्धा आपल्याकडे आली आणि अनु मलिक यांचे परखड शेरे सर्वतोमुखी झाले. कोणी म्हणतात, खरे बोलणाराच खरा हितकर्ता. कोणी म्हणतात, कोवळ्या उमेदवारास चारचौघांत झोडपणे हे निव्वळ क्रौर्य. आमच्या मते हा वाद अपुरा आहे. तो पुरा करावयाचा तर करवीरच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरात गुणाची पारख दोन ठिकाणी होई. एक कुस्तीचा आखाडा. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले; त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले आणि त्याच धर्तीवर त्यांनी पुढे खासबागेचे मैदान उभारविले. तेथे निकाल माती देते. पाठ टेकली की हजारो लोक तो एकदम पाहतात. पंचास वक्तृत्वाचे कारण पडत नाही. दुसरे ठिकाण गाण्याची बैठक. स्वरास टेकावयास माती नसते. तेथे निकाल जाणत्याच्या शब्दावर राहतो, आणि म्हणूनच त्या शब्दाची जोखीम मोठी.

ही जोखीम महाराजांनी कशी उचलली, याचे उदाहरण म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. मुलाचा गळा अलौकिक, परंतु कानात दोष. ऐकू नीट न येणाऱ्या मुलास गाण्यात गती नाही, असा स्पष्ट अभिप्राय देऊन मोकळे होणे सोपे होते. महाराजांनी त्यास मिरजेस डॉक्टर वानलेस यांच्याकडे उपचारांसाठी पाठविले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत त्याचा प्रवेश घडवून आणला. १९०५ साली तो मंडळीत दाखल झाला. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी त्यास अभिनयाचे आणि भास्करबुवा बखल्यांनी गाण्याचे शिक्षण दिले. महाराष्ट्रास बालगंधर्व लाभले ते असे. दोष येथे झाकला गेला नाही. मात्र दोषाच्या पाठोपाठ उपायही आला.

महाराजांच्याच पदरी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचे चरित्र याहून बोधप्रद आहे. तारुण्यात अतिशय गावे लागल्यामुळे त्यांचा मूळचा आवाज गेला. उरलेल्या आवाजास साजेल अशी वळणावळणांची, दमसासाची गायकी त्यांनी स्वकष्टाने घडविली. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच तालमीत तयार झाल्या. खाँसाहेब १९४६ साली निवर्तले. तोवर त्यांची विद्या शिष्यांच्या गळ्यात स्थिरावली होती. दुसऱ्याचा स्वर उणा ठरविण्याचा अधिकार अशा पुरुषास शोभतो, कारण ज्याने स्वतःचे भग्न साधन पुन्हा उभे केले, त्यास उणे कोठे आणि ते भरावे कसे, या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात.

राजाश्रयाचे आम्ही अंध स्तुतिपाठक नाही. दरबाराच्या दारापर्यंत जे पोचले नाहीत, त्या गुणवंतांची नावे इतिहासास माहीत नाहीत. आज खेड्यातील मूल सर्व देशासमोर गाऊ शकते, हे दूरचित्रवाणीचे मोठेच श्रेय होय. आता असाही आक्षेप येईल की, परीक्षकापाशी ना संस्थानचा खजिना, ना शिष्यास घरी ठेवून घेण्याची सवड. आक्षेप रास्त आहे. परंतु उमेदवाराचा सूर कोठे ढळला आणि तो सावरावा कसा, हे दोन वाक्यांत सांगण्यास खजिना लागत नाही. जेथे ही दोन वाक्ये येतात, तेथे कठोर शब्दही विद्यादान ठरतो. ती जेथे गळतात, तेथे उरते ती केवळ प्रेक्षकांची करमणूक, आणि तिचे मोल एक कोवळा जीव चुकवीत असतो.