सप्टेंबर १७

सप्टेंबर १७ हा ग्रेगरी दिनदर्शिकेनुसार वर्षातील २६० वा किंवा लीप वर्षात २६१ वा दिवस असतो. मराठवाड्यात हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

== ठळक घटना आणि घडामोडी ==

=== हैदराबाद संस्थान, १९४८ ===

शुक्रवार, १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदी जाहीर केली. उर्वरित भारत स्वतंत्र होऊन तोवर तेरा महिने उलटले होते. संस्थानात तेव्हा सोळा जिल्हे होते: तेलुगू भाषक आठ, मराठी भाषक पाच आणि कन्नड भाषक तीन. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे ते पाच मराठी जिल्हे होत. आजचे आठ जिल्हे त्यांच्याच विभागणीतून झाले आहेत.

२९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' कराराने मिळालेला अवधी तोडग्यावाचून सरत गेला. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या नेतृत्वाखाली रझाकारांचे अत्याचार वाढले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने सत्याग्रहाबरोबरच सीमेवरील शिबिरांमधून सशस्त्र प्रतिकारही केला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याने 'ऑपरेशन पोलो' सुरू केले. मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांची मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आली. वायव्येकडून आलेल्या सैन्याने १४ तारखेला औरंगाबाद घेतले आणि १५ तारखेला जालना. या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यालगत आज शेंद्रा औद्योगिक वसाहत उभी आहे. पाचव्या दिवशी मीर लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि निजामांनी युद्धबंदी घोषित केली.

'१७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले' असे पाठ्यपुस्तकांपासून भाषणांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. काटेकोरपणे पाहता ही तारीख युद्धबंदीची आहे. निजामाचे सेनापती मेजर जनरल अल इद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली ती दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला. त्यानंतर चौधरी लष्करी प्रशासक झाले. भारताची राज्यघटना संस्थानाला लागू होईल, असे निजामाचे फर्मान निघाले ते नोव्हेंबर १९४९ मध्ये. २६ जानेवारी १९५० पासून निजाम राजप्रमुख झाले. तरीही लोकस्मृतीने १७ तारीख धरली हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. गावोगावच्या माणसांच्या दृष्टीने भय संपले ते त्या दिवशी.

सर्वांचे भय मात्र संपले नाही. कारवाईच्या काळात व तिच्यानंतर संस्थानात, विशेषतः उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा व बीदर या जिल्ह्यांत, मुस्लिम वस्तीवर मोठा हिंसाचार झाला. पंतप्रधान नेहरूंनी नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना खुला झाला. रझाकारांच्या अत्याचारांचे वर्णन करणाऱ्या लेखनात या प्रकरणाचा उल्लेख क्वचित आढळतो. या दिवसाच्या नोंदीत दोन्ही गोष्टींना जागा असणे आवश्यक आहे.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

जुन्या कागदांवरून तारखा ताडून पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निजामी अमदानीत महसुली दप्तर फसली सनात लिहिले जाई. फसली सनात सुमारे ५९० मिळवले म्हणजे इसवी सन येतो. परंतु वर्षारंभ वेगळा असल्याने एका वर्षाची चूक सहज होते.

=== अन्य घटना ===

१९४८ मध्ये याच दिवशी संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोक बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली. आदल्याच दिवशी पॅरिस येथे भरलेल्या सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची तक्रार आली होती. युद्धबंदीनंतर निजामांनी ती मागे घेतली.

१७८७ - फिलाडेल्फियातील अधिवेशनात अमेरिकेच्या संविधानावर ३९ प्रतिनिधींच्या सह्या.

१९३९ - जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत संघाचे पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण.

१९७४ - बांगलादेशाला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व.

१९७८ - इजिप्त व इस्रायल यांच्यात कॅम्प डेव्हिड करार.

१९८२ - श्रीलंकेच्या भारतातील पहिल्या कसोटी सामन्यास मद्रास येथे प्रारंभ.

== जन्म ==

महाराष्ट्राच्या दृष्टीने प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे (१८८५, पनवेल) यांची नोंद सर्वांत महत्त्वाची. 'प्रबोधन' या नियतकालिकावरून त्यांना हे नाव मिळाले. भिक्षुकशाही व हुंडापद्धतीवर कोरडे ओढणारी त्यांची भाषा आजही जुनी वाटत नाही. त्यांच्या सहा वर्षे आधी, १८७९ मध्ये, याच तारखेला तमिळनाडूतील इरोड येथे पेरियार ई. व्ही. रामसामी जन्मले. जातिभेद आणि पुरोहितशाहीविरुद्ध आयुष्यभर झुंजणारे दोघे एकाच दिवशी जन्मावेत, हा योगायोग लक्षणीय आहे.

१९१५ - मकबूल फिदा हुसेन, चित्रकार. जन्मस्थान पंढरपूर.

१९२९ - अनंत पै, 'अमर चित्र कथा'चे संस्थापक. दोन पिढ्यांच्या मुलांना पुराण व इतिहास चित्रांतून भेटला तो यांच्यामुळे.

१९५० - नरेंद्र मोदी, भारताचे पंतप्रधान.

१९८६ - रविचंद्रन अश्विन, क्रिकेटपटू.

परदेशी नावांत गणिती बर्नहार्ड रीमान (१८२६) आणि अवकाशप्रवासाचे गणित मांडणारे रशियन शिक्षक कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की (१८५७) ही दोन. त्सिओल्कोव्स्कींची तत्कालीन रशियन पंचांगातील जन्मतारीख ५ सप्टेंबर आहे. ती चूक समजून बदलू नये.

== मृत्यू ==

२००२ - वसंत बापट, मराठी कवी. राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते आणि मराठी साहित्य संमेलनाच्या १९९९ मधील मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष. विंदा करंदीकर व मंगेश पाडगावकर यांच्यासमवेत त्यांनी गावोगावी काव्यवाचन करून कविता सामान्य श्रोत्यांपर्यंत नेली.

१९९९ - हसरत जयपुरी, गीतकार. चित्रपटांत येण्यापूर्वी मुंबईत बसवाहक.

१९९४ - कार्ल पॉपर, तत्त्वचिंतक.

१८७७ - विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट, छायाचित्रणाचे आद्य संशोधक.

== प्रतिवार्षिक पालन ==

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे मुख्य शासकीय ध्वजवंदन छत्रपती संभाजीनगर येथे सिद्धार्थ उद्यानातील हुतात्मा स्मारकापाशी होते. तालुक्याच्या गावी आणि शेंद्र्यासारख्या खेड्यांतील शाळांतही या दिवशी तिरंगा फडकतो. विदर्भ किंवा कोकणातून बदलून आलेल्या शिक्षकास हे ध्वजवंदन नवे असते.

एकाच संस्थानाच्या तीन वारसांनी या दिवसाला निरनिराळी नावे दिली आहेत. कर्नाटकात तो कल्याण कर्नाटक उत्सव दिन आहे. तेलंगणा सरकारने २०२२ मध्ये त्यास राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले, तर २०२४ मध्ये नव्या सरकारने प्रजापालन दिन. केंद्र सरकार हैदराबाद मुक्ती दिन साजरा करते.