वाकणं आणि वाकवणं

आमचा आजा चालताना पुढं झुकून चालायचा. लहानपणी मला वाटायचं, म्हातारपणानं पाठ वाकली असंल. पुढं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा सांगितलं, "वयानं न्हाई वाकली ती. जोहार घालून वाकली."

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, घराणं मूळचं महाराचं. महारवतन म्हणजे गावाची वेठ. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, वेशीवर राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात बलुतं, शिळ्या भाकरी आणि तुकडाभर वतनी जमीन. पाटील समोरून आला की वाट सोडून कडेला व्हायचं, कमरेत वाकायचं आणि ‘जोहार मायबाप’ म्हणायचं. हे वतन मोडायला १९५८ सालचा कायदा यावा लागला.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर आमच्यासारखी कितीतरी घरं ख्रिस्ती झाली. आमचा पणजा त्यातलाच. लोक म्हणतात, पोटासाठी झाले. पोट होतंच, नाही कशाला म्हणू? पण मिशनच्या शाळेत पोराला सतरंजीवर बसायला मिळत होतं, हेही होतं. तरी गावाच्या लेखी पणजा महारच राहिला. म्हणून आज्याच्या वाट्यालाही जोहार आलाच.

त्याच नगरात रेव्हरंड ना. वा. टिळक राहिले. ते कोकणातले ब्राह्मण, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली घेतला. मधल्या काळात बाईंचं सोवळं कसं एकेक पदर सुटत गेलं, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त काही न लपवता लिहिलंय. दादा म्हणायचे, "टिळक वरून खाली आले, आपण खालून वर आलो. दोघांची गाठ एका सतरंजीवर पडली." टिळकांची गीतं आमच्या चर्चमध्ये आजही टाळ-पेटीवर म्हणतात.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चा एक झाल्या आणि आम्ही उत्तर भारतीय चर्चमध्ये गेलो. त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडं एक तरुण पाळकसाहेब आले. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी करायचा, असं त्यांनी ठरवलं. आमच्याकडं तो तोवर कुणी पाहिला नव्हता. बारा माणसं निवडली, त्यात दादांचं नाव घेतलं.

दादा उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, आमच्या बापजाद्यांनी लई पाय धरले लोकांचे. वाकून वाकून पाठी गेल्या. आता कुठं सरळ उभं राह्यलो, तर तुम्ही पुन्हा वाकायचंच शिकवता व्हय?"

चर्चमध्ये चिडीचूप. पाळकसाहेब रागावले नाहीत. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय उघडला. त्या देशात धुळीच्या वाटा, पायात उघड्या वहाणा. घरी आलेल्याचे पाय धुणं हे नोकराचं काम. येशूनं वरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला पंचा बांधला आणि ते काम स्वतः केलं. पेत्राला ते बघवेना, तो नको नको म्हणाला. मग साहेब म्हणाले, "पण त्याच्या आधीची ओळ बघा. सगळं आपल्या हाती दिलंय, हे येशूला ठाऊक होतं, आणि मग तो उठला, असं लिहिलंय. तुमच्या वडलांना वाकवलं होतं. हा आपण होऊन वाकला. दोन्ही एक नव्हेत."

दादा त्या वर्षी बसले नाहीत. पुढच्या वर्षी बसले. पाळकसाहेबांनी गंगाळात त्यांचा भेगाळलेला पाय धरला, तेव्हा दादांची मान खाली होती. नुसतं बसून पाय धुऊन घेणंही सोपं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

पण खरं शिकायचं राहूनच गेलं होतं. दादा गेले. मी विहीर खोल केली, मोटर बसवली, चार एकर भिजू लागलं. चर्चच्या पंचांत बसू लागलो. माझ्याकडं एक सालगडी होता, भिल्ल समाजातला. एक दिवस मोटरीची केबल सापडेना. मी चहाच्या टपरीवर चारचौघांत त्याला चोर म्हणालो आणि आठ दिवसांची मजुरी कापली. महिन्यानं केबल माझ्याच खोपीत, खताच्या रिकाम्या गोण्यांखाली निघाली. मी गप्प बसलो.

त्याच साली गुरुवारच्या बारा जणांत माझं नाव आलं. खुर्चीवर बसलो, गंगाळ समोर आलं आणि मला घाम फुटला. मी उठून बाहेर आलो.

अंधारात त्याच्या झोपडीवर गेलो. "माझं चुकलं. केबल घरातच होती," म्हणालो. तो हात जोडून, कमरेत वाकून म्हणाला, "असू द्या, मालक." तसं वाकलेलं मी आधी कुठं पाहिलं होतं, ते लगेच ध्यानात आलं. माझा आजाच माझ्यापुढं उभा होता, आणि पाटलाच्या जागी मी.

दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर, त्याच लोकांपुढं बोललो, की हा चोर नव्हता, खोटा मी होतो. कापलेले पैसे दिले. कुणी हसलं, कुणी म्हणालं, गड्यापुढं एवढं नमायचं नसतं, डोक्यावर बसतात.

तो डोक्यावर बसला नाही. साल संपलं तसा दुसरीकडं कामाला गेला. जाताना म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाई, पर आता हितं मन लागत न्हाई." मी त्याला थांबवलं नाही. थांबवायचा मला हक्क नव्हता.

आता दर साली त्या गुरुवारी बारा जण मीच गोळा करतो. गंगाळही मीच भरून आणतो. आणि ज्याचं नाव घेतो, त्याला आधी हळूच विचारतो, "कुणाचं काही देणं राह्यलंय का?"