पायाळू, परिघ आणि पोटावरचा हात

(१) जुन्या वाड्यांच्या दारामागे लाकडी अडसर असे. तो आडवा सरकवला की दार बाहेरून उघडत नसे. नागपूरच्या इतवारीसारख्या जुन्या वस्तीला हा अडसर परिचयाचा. संस्कृतात त्याला ‘परिघ’ म्हणतात, आणि गर्भाशयात आडव्या अडकलेल्या बाळासाठी सुश्रुतसंहितेने नेमका हाच शब्द योजला.

(२) संहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचे, म्हणजे अडलेल्या गर्भाचे, चार प्रकार येतात : कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ. चिकित्सास्थानात उपायही आहे. आडव्या गर्भाचा खालचा भाग वर सारावा आणि डोक्याकडील भाग सरळ करून प्रसूतिमार्गाकडे आणावा. मात्र हे सारे बाळ अडल्यानंतरचे ज्ञान होते.

(३) पायांकडून जन्मलेल्याला मराठीत ‘पायाळू’ म्हणतात. त्याला भूमिगत धन दिसते, त्याच्या लाथेने कंबरेची उसण जाते, अशा समजुती महाराष्ट्रात रूढ होत्या. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी जेमतेम तीन-चार बाळांचे ढुंगण वा पाय खाली असतात. त्यातून सुखरूप वाचलेले मूल लोकांना नवलाचे वाटले, यात आश्चर्य नाही.

(४) आनंदीबाई जोशी वयाच्या १४व्या वर्षी आई झाल्या; बाळ दहा दिवसांतच दगावले. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच सुमारास, १८८५ मध्ये, भारतीय स्त्रियांच्या उपचारांसाठी डफरिन निधी स्थापन झाला. नागपुरातही मेयो रुग्णालयाच्या जोडीला डफरिन रुग्णालय आले.

(५) कळा सुरू होण्याआधीच बाळाची स्थिती ओळखण्याची पद्धत युरोपात याच काळात शास्त्रशुद्ध झाली. पॅरिसच्या आडोल्फ पिनार यांनी १८७८ मध्ये पोट चाचपण्यावर ग्रंथ लिहिला. जर्मनीच्या लिओपोल्ड यांनी १८९४ मध्ये चार पायऱ्या मांडल्या : वरच्या टोकाशी डोके की ढुंगण, पाठ कोणत्या कुशीला, खाली कोणता भाग, आणि तो कटीत उतरला की नाही. पिनार यांच्या लाकडी नळीने ठोकेही ऐकू येऊ लागले. डोके खाली असेल तर ते सहसा बेंबीच्या खाली स्पष्ट लागतात, पायाळूचे बेंबीच्या वर.

(६) १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी टिपलेली गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. हाताला जे जाणवत होते, ते आता डोळ्यांना दिसू लागले. पण त्याच यंत्राने मुलींचे गर्भही हेरले जाऊ लागले. म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला.

(७) आज इतवारी-गांधीबाग परिसरातील डागा स्मृती स्त्री रुग्णालयात दूरदूरच्या गरोदर स्त्रिया येतात. बाळ आडवे असल्याचे आधी कळले, तर ते बाहेरून फिरवता येते किंवा शस्त्रक्रियेची वेळ ठरवता येते. सुश्रुताच्या वैद्याला अडसर दिसे तो दार अडल्यावर. आता तो काही आठवडे आधी कळतो. आई आणि बाळ यांचे प्राण पुष्कळदा त्या आठवड्यांतच वाचतात.