शुद्ध मोजायची कशी?

शुद्ध हरपण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. गुंगी, ग्लानी, भोवळ, मूर्च्छा, बेशुद्धी! पण ग्लानी कोठे संपते आणि बेशुद्धी कोठे सुरू होते, असे दोघांना विचारले तर दोन उत्तरे मिळतील. घरी बोलताना त्याने काही बिघडत नाही. डोक्याला मार लागलेल्या रोग्याच्या बाबतीत मात्र बिघडते. सकाळी परिचारिकेने 'ग्लानीत आहे' असे लिहिले आणि रात्री डॉक्टरांनी 'अर्धवट शुद्धीत' असे लिहिले, तर मधल्या वेळात रोगी सुधारला की खालावला? १९७० च्या सुमारास पाश्चात्त्य इस्पितळांतही हीच अडचण होती. 'स्टुपर', 'सेमिकोमा' हे शब्द प्रत्येक जण आपापल्या अर्थाने वापरी.

हा प्रश्न निकडीचा झाला तो अतिदक्षता विभागांमुळे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून हवा आत ढकलावी, असा उपाय भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचवला. यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने रोग्याशेजारी बसून रबरी पिशवी हाताने दाबत राहिले. पुढे यंत्रे आली आणि मेंदूला जबर इजा झालेली, एरवी दगावली असती अशी माणसेही जगू लागली. ती जिवंत होती. पण त्यांना काही कळत होते का?

स्कॉटलंडमधील ग्लासगोचे ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात या अडचणीवर एक साधा तोडगा मांडला. रोग्याच्या अवस्थेला नाव देऊच नका, तो काय करतो एवढेच पाहा आणि लिहा, असे त्यांचे म्हणणे. पाहायच्या गोष्टी तीन. डोळे आपणहून उघडतो, हाक मारल्यावर, नख दाबल्यावर, की उघडतच नाही? बोलणे सुसंगत आहे, गोंधळलेले आहे, सुटे शब्द आहेत, नुसते आवाज आहेत, की काहीच नाही? सांगितल्याप्रमाणे हात उचलतो, दुखते तेथे हात नेतो, की हात नुसताच आखडतो वा ताठरतो? आज डोळ्यांना ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे कमाल गुण असतात. बेरीज जास्तीत जास्त १५. कमीत कमी मात्र शून्य नव्हे, ३. कारण काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येक बाबीत एक गुण असतोच.

या मोजपट्टीला कोणतेही उपकरण लागत नव्हते. प्रशिक्षित परिचारिका ती तासातासाला वापरू शकत होती. त्याचे मोल काय, हे ग्लासगोच्याच १९७५ मधील एका अभ्यासाने दाखवले. इजेनंतर बोलू शकलेले, तरीही पुढे दगावलेले रोगी त्यात तपासले होते. त्यांतील बहुतेकांच्या कवटीत रक्त साकळून गाठ झालेली आढळली. अशी गाठ वेळीच काढली तर जीव वाचू शकतो आणि घसरणारे गुण ती वेळ सांगतात.

नुसत्या बेरजेवर मात्र विसंबू नये. ९ ही बेरीज किती प्रकारे येईल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगा. गणिताने उत्तर येते १८! म्हणून तिन्ही गुण वेगवेगळे लिहिणे श्रेयस्कर. शिवाय घशात नळी असलेला रोगी बोलणार कसा?

येथेच या मोजपट्टीची खरी मर्यादा दिसते. तापमापी ताप मोजते. ही पट्टी मोजते ती उत्तर देण्याची क्षमता. १९६६ साली फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर यांनी एका अवस्थेला 'लॉक्ड-इन' असे नाव दिले. तिच्यात माणूस पूर्ण जागा असतो. पण बहुधा डोळ्यांची वर-खाली हालचाल आणि पापण्यांची उघडझाप एवढेच त्याच्या ताब्यात उरते. जणू खोलीत कोंडलेला माणूस. पापण्यांकडे कोणी पाहिलेच नाही, तर तो बेशुद्ध ठरतो. याउलट काही रोग्यांचे डोळे उघडे असतात, झोपेचे चक्र चालते, पण जाणिवेची खूण दिसत नाही. १९७२ साली जेनेट आणि प्लम यांनी या अवस्थेला 'व्हेजिटेटिव्ह' म्हटले.

पण खूण दिसत नाही म्हणजे जाणीव नाहीच का? २००६ साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अशाच एका २३ वर्षांच्या तरुणीची तपासणी प्रसिद्ध केली. तिला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितले, "आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर." नंतर सांगितले, "स्वतःच्या घरात खोल्याखोल्यांतून फिर." दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे वेगवेगळे भाग कार्यरत झाले, अगदी निरोगी माणसांचे होतात तसेच! बोटही न हलवता तिने सूचना पाळली होती. २०१० साली एका रोग्याने 'हो' साठी एक आणि 'नाही' साठी दुसरी कल्पना करून सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली.

असे रोगी अपवादात्मक आहेत का? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सूचनांना बाहेरून काहीही प्रतिसाद न देणारे २४१ रोगी होते. मेंदूच्या तपासणीत त्यांपैकी ६० जण सूचना पाळताना आढळले, म्हणजे चारांत एक. साधी पण काळजीपूर्वक केलेली तपासणीही पुष्कळ सांगून जाते. २००९ च्या एका अभ्यासात 'व्हेजिटेटिव्ह' ठरवलेल्या ४४ रोग्यांना ठरावीक कसोट्या लावून पुन्हा पाहिले, तेव्हा १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. उपचार किती काळ चालू ठेवायचे, असे निर्णय ज्यावर ठरतात त्या निदानातली ही चूक आहे.

आणि मेंदूच्या तपासणीतही उत्तर आले नाही, तर? तरीही 'जाणीव नाही' असे सिद्ध होत नाही. रोगी त्या वेळी झोपेत असेल, त्याला ऐकू येत नसेल, किंवा भाषा समजण्याचा मेंदूतील भागच दुखावला असेल. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला काहीच येत नाही, असे आपण एका प्रश्नावरून ठरवत नाही. प्रश्न बदलून, पुन्हा, दुसऱ्या दिवशी विचारतो. अतिदक्षता विभागातही तेच करावे लागते. आणि तोवर, रोगी ऐकत असेल असे धरूनच त्याच्या खाटेशी बोलावे.